इंग्रजीच्या वर्गातील माध्यम साक्षरता : महाड-पोलादपूर परिसरातील अध्यापनाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाने सन २००० मध्ये इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू केला. त्यामुळे आज पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. शासकीय परिभाषेत ही त्याची द्वितीय वा तृतीय भाषा. परंतु भाषाध्यापनशास्त्रात द्वितीय भाषा आणि परकीय भाषा यांत जो भेद केला जातो, तो लक्षात घेता महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत इंग्रजी ही परकीय भाषाच ठरते. जी भाषा वर्गाबाहेर व्यवहारात ऐकू येते ती द्वितीय भाषा. जी केवळ वर्गातच भेटते ती परकीय. सावित्रीच्या काठी वसलेल्या, गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे परिचित असलेल्या सव या गावाचे उदाहरण घेतले तर तेथे घरात, एस.टी.त, बाजारात वा ग्रामसभेत इंग्रजी बोलण्याचा प्रसंग विद्यार्थ्यावर सहसा येत नाही.

असे असले तरी गेल्या दशकभरात या चित्रात एक महत्त्वाचा बदल घडला आहे. इंग्रजी बोलण्याची गरज आजही नाही, पण इंग्रजी मजकूर मात्र रोज दारात येऊन पडतो. भ्रमणध्वनीवर आलेले संदेश, बँकेची सूचना, नोकरीची जाहिरात, बातमीचा मथळा, कुणीतरी पुढे पाठविलेले परिपत्रक हे सारे इंग्रजीत असते आणि ते कोणी लिहिले हे बहुधा ठाऊक नसते. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याला इंग्रजी किती येते या प्रश्नाबरोबरच इंग्रजीत आलेल्या मजकुरावर तो किती आणि का विश्वास ठेवतो, हाही प्रश्न इंग्रजीच्या प्राध्यापकाने विचारणे आवश्यक झाले आहे.

हा प्रश्न प्रस्तुत लेखकासमोर प्रथम पुस्तकातून आला नाही. काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याचे वडील महाविद्यालयात भेटावयास आले. मुलाला आखाती देशात नोकरी लागल्याचे पत्र त्यांच्या हाती होते. पत्रावर बोधचिन्ह होते, संदर्भ क्रमांक होता, 'कन्फर्म्ड' हा शब्द ठळक अक्षरांत होता आणि 'रिफंडेबल' अनामत रक्कम भरण्याची मुदत होती. ती रक्कम त्यांनी अगोदरच भरली होती. पुढे दूरध्वनी लागेनासा झाला, म्हणून ते पत्र 'नीट वाचून' घेण्यासाठी ते आले होते. पत्र बनावट आहे हे सांगितल्यावर त्यांनी विचारले, "एवढं सगळं इंग्रजीत लिवलंय सर, मग खोटं कसं असेल?" त्यांचा मुलगा इंग्रजीत उत्तीर्ण झालेला होता. त्या पत्रातील प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याला सांगता आला असता. आकलनाच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवील असा तो विद्यार्थी होता. आपण वर्गात जे शिकवितो त्यात काय राहून जाते, याचा विचार त्या दिवसापासून सुरू झाला आणि प्रस्तुत लेख त्यातूनच सिद्ध झाला आहे.

संकल्पना आणि तिची पूर्वपीठिका

माध्यम साक्षरता म्हणजे माध्यमांतील मजकूर मिळविणे, समजून घेणे, त्याची पारख करणे आणि स्वतः जबाबदारीने मजकूर निर्माण करणे, अशी सर्वसाधारण व्याख्या केली जाते. युनेस्कोच्या पुढाकाराने १९८२ मध्ये जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे माध्यमशिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसृत झाला. लेन मास्टरमन यांचा 'टीचिंग द मीडिया' हा ग्रंथ १९८५ चा. पुढे २०११ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी माध्यम व माहिती साक्षरतेचा अभ्यासक्रम प्रकाशित केला. या साऱ्या साहित्यात एक सूत्र समान आहे : माध्यमे वास्तव जसेच्या तसे दाखवीत नाहीत, ती वास्तवाची मांडणी करतात. ती मांडणी कोणी, कोणासाठी आणि कशी केली, हे विचारता येणे म्हणजे साक्षरता.

मराठी वाचकाला ही कल्पना अगदीच नवी वाटू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले 'दर्पण' हे पत्र द्वैभाषिक होते. इंग्रजी आणि मराठी मजकूर त्यात शेजारी-शेजारी असे. एकच वृत्त दोन भाषांत समोर ठेवून वाचणे हा आजच्या भाषावर्गातील उत्तम पाठ ठरावा. मराठी पत्रकारितेचा आरंभच अशा पानावर झाला, याची आठवण आपण पत्रकार दिनाच्या भाषणापलीकडे फारशी ठेवीत नाही.

खुद्द महाडच्या इतिहासातही या विषयाचा एक पाठ दडलेला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्यानंतर 'आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार' अशी अफवा गावात पसरली आणि परिषदेसाठी आलेल्या लोकांवर हल्ला झाला. अफवा पसरण्यास त्या काळी ना छापखाना लागला ना दूरध्वनी. काही तास पुरेसे झाले. पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि महाडच्या घटनेची आपली बाजू मांडण्याचे साधन चळवळीला लाभले. चवदार तळे आपल्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. सत्याग्रहाची हकीकत त्यांना पाठ असते. अफवेची हकीकत मात्र क्वचितच कोणाला सांगता येते.

अलीकडचे उदाहरण धुळे जिल्ह्यातील. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेविषयीची जनजागृतीपर फीत होती. पळविलेले मूल परत आणून सोडतात तो शेवटचा भाग कापून ती पसरविण्यात आली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठविलेल्या संदेशांवर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखविण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविण्याची मर्यादा घातली. येथे भाषेच्या प्राध्यापकाने थांबावे. 'फॉरवर्डेड' हे कर्मणी धातुसाधित आहे. ते सांगते की हा मजकूर ज्याने मला धाडला त्याने तो लिहिलेला नाही. आपला विद्यार्थी ही खूण दिवसातून अनेकदा पाहतो, पण ती एखाद्या नक्षीसारखी. वाचावयाचा शब्द म्हणून नव्हे.

इंग्रजीचा दरारा

माध्यम साक्षरतेवरील बहुतेक इंग्रजी पुस्तके असे गृहीत धरतात की वाचक मजकुराच्या भाषेशी समान पातळीवर उभा आहे. परकीय भाषेच्या वर्गात ही स्थिती नसते. येथे विद्यार्थ्याची सारी शक्ती अर्थ लावण्यात खर्च होते आणि अर्थ लागला की काम संपले असे त्याला वाटते. शब्दकोश उघडून, मित्राला विचारून, कष्टाने मिळविलेला अर्थ खोटा असेल अशी शंका मनात येतच नाही. शिवाय इंग्रजी ही न्यायालयाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीची, कारखान्याच्या प्रवेशद्वारावरील फलकाची भाषा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलाला ती अधिकाराचीच भाषा म्हणून भेटते. त्यामुळे मराठीत आलेल्या ज्या संदेशाला तो हसून सोडून देईल, तोच संदेश इंग्रजीत आला की गंभीरपणे घेतो. हा दरारा उतरविणे ही आपल्या वर्गातील माध्यम साक्षरतेची पहिली पायरी होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उपदेशाने तो उतरत नाही, असाही अनुभव आहे.

यासाठी एक साधा उपक्रम उपयुक्त ठरला. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाविषयी इंग्रजीत उपलब्ध असलेला मजकूर शोधून आणावयाचा आणि त्यातील प्रत्येक विधान स्वतःच्या माहितीशी ताडून पाहावयाचे. सव येथून येणाऱ्या विद्यार्थ्यांनी झऱ्यांविषयीचे पर्यटनपर मजकूर आणले. महाडपासूनचे अंतर प्रत्येक ठिकाणी निराळे होते. एका ठिकाणी दिलेले छायाचित्र सवचे नव्हतेच. पालीजवळचे उन्हेरे आणि दापोली तालुक्यातील उन्हवरे ही गरम पाण्याच्या झऱ्यांची दोन वेगळी गावे. रोमन लिपीत त्यांची नावे इतकी सारखी दिसतात की लिहिणाऱ्याने कोणाचे वर्णन कोणाला जोडले हे ओळखणेही कठीण व्हावे. झऱ्याच्या पाण्याने त्वचारोग 'क्युअर' होतात असे एका लेखात ठाम वर्तमानकाळात म्हटले होते. "बरं वाटतं असं लोक म्हणतात, पण बरे होतात असं कोण सांगतं?" असा प्रश्न त्या गावच्याच विद्यार्थिनीने केला. मागच्या बाकावरून क्वचितच बोलणारी ही मुलगी त्या तासाला वर्गातील तज्ज्ञ ठरली.

शुद्ध इंग्रजीत, सुबक मांडणीत लिहिलेला मजकूर आपल्याच गावाविषयी चुकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की जे गाव आपण पाहिलेले नाही त्याविषयीचा मजकूरही चुकू शकतो, हे निराळे सांगावे लागत नाही. मात्र एक दक्षता घ्यावी लागते. या उपक्रमानंतर काही विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जाऊन 'इंटरनेटवरचे सगळेच खोटे' असे म्हणू लागतात. सर्वांवर अविश्वास ही साक्षरता नव्हे. तीही एक सोयीची अंधश्रद्धाच होय. म्हणून याच मजकुरांत कोणती विधाने बरोबर निघाली, तीही फळ्यावर लिहावीत.

व्याकरण हेच साधन : सावित्री पुलाच्या बातम्या

'अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, त्यात हा नवा विषय कोठे बसवावा?' असा आक्षेप सहकाऱ्यांकडून नेहमी येतो. त्याला उत्तर असे की हा नवा विषय नाहीच. काळ, प्रयोग, अप्रत्यक्ष कथन, सहायक क्रियापदे हे जे व्याकरण आपण एरवीही शिकवितो, तेच बातमी पारखण्याचे साधन आहे. फक्त उदाहरणवाक्ये बदलावी लागतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि काही खासगी वाहने पुरात गेली. आज पदवीच्या वर्गात असणारे विद्यार्थी त्या वेळी लहान होते, परंतु ती रात्र घराघरांत आठवली जाते. या घटनेची त्या वेळची इंग्रजी आणि मराठी वृत्ते वर्गात समोरासमोर ठेवली असता पुढील मुद्दे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येतात.

प्रथम काळ. इंग्रजी मथळ्यात घडून गेलेली घटना साध्या वर्तमानकाळात लिहिण्याचा संकेत आहे : 'ब्रिज कोलॅप्सेस'. विद्यार्थी याचे भाषांतर 'पूल कोसळतो' असे करतो आणि वर्ग हसतो. हसण्यापाशी न थांबता विचारावे की असा मथळा, तारीख कापून, आठ-नऊ वर्षांनी कोणी पुढे पाठविला तर काय होईल? वर्तमानकाळातील मथळा शिळा दिसत नाही. पावसाळ्यात सावित्रीला पूर आला की जुनी छायाचित्रे आणि कात्रणे गावोगावच्या समूहांतून पुन्हा फिरू लागतात, मुंबईहून निघालेल्या माणसाच्या घरी रात्रभर दिवा जळत राहतो. वस्तुतः तेथे जून २०१७ पासून नवा पूल वापरात आहे. मथळ्याचा काळ आणि घटनेचा काळ भिन्न असतो, हा व्याकरणाचा मुद्दा येथे एकदम घरचा होतो.

दुसरा मुद्दा प्रयोगाचा. मराठी वृत्तांत 'पूल वाहून गेला' आणि 'पूल कोसळला' अशा दोन्ही रचना आढळतात. इंग्रजीतही 'वॉज वॉश्ड अवे' आणि 'कोलॅप्स्ड' अशा दोन. पहिल्या रचनेत सारे कर्तृत्व पाण्याकडे जाते. दुसरीत पूल जणू आपणहून पडतो. दोन्हींत माणूस कोठेच नाही. मग पुलाची तपासणी कोणी करावयाची होती, वाहतूक सुरू ठेवण्याचा निर्णय कोणाचा, हे प्रश्न विचारावयास वाक्यात कर्त्याची जागाच उरत नाही. विद्यार्थ्यांना माणूस हा कर्ता घालून तीच घटना लिहावयास सांगितले असता त्यांना अडते, कारण कर्ता कोण हे बातमीत दिलेलेच नसते. हे अडणेच महत्त्वाचे. कर्मणी प्रयोग म्हणजे वाईट, असे मात्र शिकवू नये. घटना घडल्यावर पहिल्या काही तासांत जबाबदार कोण हे वार्ताहरालाही ठाऊक नसते; त्या वेळी कर्ता गाळणे हा प्रामाणिकपणाच असतो. तीच रचना वर्षभरानंतरही टिकून राहिली तर मात्र विचारावे.

तिसरा मुद्दा आकड्यांचा. आरंभीच्या वृत्तांत दोन बसमधील सुमारे २२ जण बेपत्ता असल्याचे म्हटले होते. खासगी वाहनांची माहिती मिळत गेली तसा आकडा वाढला. विद्यार्थ्यांची पहिली प्रतिक्रिया 'म्हणजे पहिली बातमी खोटी होती' अशी येते. बातमी अपुरी असणे आणि खोटी असणे यांतील भेद येथे शिकविता येतो. 'अ‍ॅट लीस्ट' आणि 'सो फार' या शब्दयोजना त्यासाठीच असतात.

आणि शेवटी 'फिअर्ड' हा शब्द. 'टू बसेस फिअर्ड वॉश्ड अवे' अशा धर्तीच्या मथळ्यात सहायक क्रियापद गाळलेले असते. एका विद्यार्थ्याने त्याचे भाषांतर 'दोन बस घाबरल्या' असे केले. दुसऱ्याने 'दोन बस वाहून गेल्या' असे केले. पहिल्याची चूक आपण लगेच दुरुस्त करतो. दुसऱ्याला शाबासकी देतो. वास्तविक दुसरी चूक अधिक गंभीर आहे. 'वाहून गेल्याची भीती' आणि 'वाहून गेल्या' यांत वाट पाहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने किती अंतर आहे! अफवा पुष्कळदा कोणी हेतुपुरस्सर रचलेली नसते. भाषांतरात एक शब्द गळून पडतो आणि शक्यतेची खात्री होते.

'म्हणे' या अव्ययाचे मोल

या ठिकाणी मातृभाषेची मदत घ्यावी. ऐकीव माहिती ऐकीव म्हणून सांगण्याचे अतिशय नेमके साधन मराठीत आहे, ते म्हणजे 'म्हणे'. 'धरण भरलं' आणि 'धरण भरलं म्हणे' यांतील फरक पोलादपूरच्या दुर्गम वाडीतील निरक्षर आजीलाही कळतो. पहिल्या वाक्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर, दुसऱ्याची दुसऱ्या कोणावर तरी. वृत्तपत्री मराठीत हेच काम 'असे समजते', 'असा दावा केला', 'सूत्रांनुसार' अशा योजना करतात.

इंग्रजीत 'म्हणे' सारखे सुटसुटीत अव्यय नाही. तेथे हे काम 'रिपोर्टेडली', 'अलेजेडली' यांसारखी क्रियाविशेषणे, 'इज सेड टू' सारख्या रचना, 'मे' आणि 'माइट' ही सहायक क्रियापदे आणि मुख्यतः कथनवाचक क्रियापदे करतात. अप्रत्यक्ष कथनाच्या पाठात आपण 'सेड' चे 'टोल्ड' कधी होते याचा सराव करून घेतो. त्याऐवजी 'सेड', 'क्लेम्ड', 'अ‍ॅडमिटेड' आणि 'डिनाइड' ही चार क्रियापदे एकाच वाक्याला लावून पाहावीत. अधिकाऱ्याने 'सांगितले' आणि अधिकाऱ्याने 'कबूल केले' यांत वार्ताहराने आपले मत कसे मिसळले, हे विद्यार्थी मराठीत चटकन सांगतात. इंग्रजीत तेच ओळखावयास त्यांना थोडा सराव लागतो इतकेच.

प्रत्यक्ष वर्गात प्रस्तुत लेखक असे करतो : एक छोटी इंग्रजी बातमी देऊन तिचा मराठी सारांश गावातील समूहावर पाठवावयाचा आहे, असे सांगावयाचे. नंतर मूळ बातमीत जेथे जेथे 'म्हणे' होते तेथे रेघ ओढावयाची आणि आपल्या सारांशात त्यांतील किती उरले ते मोजावयाचे. बहुतेक सारांशांत ते पूर्णपणे नाहीसे झालेले असते. अनेकदा भाषांतर भ्रमणध्वनीवरील यंत्राकडून करून घेतलेले असते; त्याचीही हीच परीक्षा करावी. या उपक्रमात विद्यार्थ्याला स्वतःच अफवेचा उगम होऊन पाहता येते, आणि हे त्याला फार काळ स्मरणात राहते.

बाजूचे वाचन आणि भाषेची अडचण

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० तथ्य-तपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी संकेतस्थळांची विश्वासार्हता कशी ठरवितात याचा अभ्यास केला. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी पुष्कळदा त्याच पानावर राहून ते बारकाईने वाचीत राहिले. तपासनीस मात्र लवकरच ते पान सोडून त्या संस्थेविषयी इतरत्र काय लिहिले आहे ते पाहू लागले आणि योग्य निष्कर्षाप्रत अधिक वेगाने पोहोचले. या पद्धतीला 'लॅटरल रीडिंग' म्हणजे बाजूचे वाचन म्हणतात. परिच्छेद तीन वेळा वाचा, उत्तर त्यातच आहे, असे आपण आकलनाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याच्या नेमके विरुद्ध हे आहे.

ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणता येत नाही. इंग्रजी वाचनाचा वेग कमी असलेल्या विद्यार्थ्याला पाच पाने चाळणे हे शिक्षाच वाटते. म्हणून प्रस्तुत लेखकाने वर्गात एक नियम केला आहे : मजकूर इंग्रजी, पडताळणी कोणत्याही भाषेत, चर्चा मराठीत, आणि शेवटचा निर्णय कारणासह दोन इंग्रजी वाक्यांत. 'इंग्रजीच्या तासाला मराठी नको' या आग्रहापायी विद्यार्थ्याच्या शंकेचे तोंड बंद होते. शंका मातृभाषेत येते, आणि ती येऊ द्यावी.

नावांच्या लेखनाकडेही लक्ष वेधावे लागते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून वाडी गाडली गेली. इंग्रजी वृत्तांत हे नाव तळीये, तलिये, तलई अशा निरनिराळ्या उच्चारांनुसार लिहिलेले सापडते. एकाच रूपाने शोधणाऱ्याला अर्धीच माहिती मिळते. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. ही दोन नावे विद्यार्थ्यांनी इंग्रजीत शोधली तेव्हा फारच थोडा मजकूर हाती लागला. कोणती बातमी खोटी आहे या प्रश्नाबरोबर कोणती बातमी आलीच नाही, हाही प्रश्न माध्यम साक्षरतेचाच आहे. केवनाळ्याच्या परिसरातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्या घटनेवर इंग्रजीत दहा ओळी लिहिल्या. त्यात काळाच्या चुका होत्या. त्या दुरुस्त करून घेतल्या. पण कोणी, कोठे, केव्हा आणि कोणी पाहिले या चारही प्रश्नांची उत्तरे त्या दहा ओळींत होती.

नोकरीचे पत्र वर्गात

प्रारंभी उल्लेखिलेल्या पत्रासारखी पत्रे आता दरवर्षी वर्गात वाचली जातात. नावे-पत्ते अर्थातच काढून. व्यावसायिक पत्रलेखन अभ्यासक्रमात असतेच. त्यात आदर्श नमुना शिकविण्याबरोबर बनावट नमुनाही शिकवावा. विद्यार्थी प्रथम शुद्धलेखनाच्या चुका शोधतात, कारण 'बनावट पत्रात चुका असतात' असे आपणच त्यांना शिकविले होते. ही खूण आता निरुपयोगी झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोणालाही निर्दोष इंग्रजी पत्र क्षणात लिहून मिळते. किंबहुना खऱ्या कार्यालयांच्या पत्रांतच चुका अधिक आढळतात, असे एखाद्याने विनोदाने म्हणावे. म्हणून भाषेच्या सफाईकडून मजकुराच्या मागणीकडे लक्ष वळवावे लागते. पत्रात आज्ञार्थी क्रियापदे कोणती आहेत ते अधोरेखित करा, असे सांगितले की 'डिपॉझिट', 'ट्रान्सफर', 'सेंड' ही क्रियापदे एका ओळीत उभी राहतात. मुदत चोवीस तासांची असते. मुलाखत झालेली नसते, तरीही 'कन्फर्म्ड' हे भूतकालवाचक धातुसाधित असते. कोणी आणि केव्हा निश्चित केले, याचा कर्ता गाळलेला.

त्यानंतर बाजूचे वाचन. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या अभिकर्त्याला १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमान्वये नोंदणी आवश्यक करण्यात आली आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदणीकृत अभिकर्त्यांचा शोध घेता येतो. हे संकेतस्थळ वर्गात उघडून दाखविण्यास पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांची माहिती त्या वडिलांना वेळेवर मिळाली असती तर, हा विचार प्रत्येक वेळी मनात आल्यावाचून राहत नाही.

अडचणी

केरळमधील कन्नूर जिल्ह्यात २०१८ च्या सुमारास 'सत्यमेव जयते' या नावाने सुमारे १५० शासकीय शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे पाठ घेण्यात आले. तो जिल्हा प्रशासनाचा स्वतंत्र उपक्रम होता. असे काही आपल्याकडे होईपर्यंत भाषेच्या प्राध्यापकाने आपल्या तासिकांतच जागा काढावी लागेल. या मार्गातील अडचणी लहान नाहीत. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत पावसाळ्यात संपर्कजाळे टिकत नाही. वर्गात भ्रमणध्वनीला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. म्हणून प्रस्तुत लेखक कात्रणे आणि पडद्यावरील मजकुराच्या छायाप्रती वापरतो. राजकीय वा धार्मिक मजकूर वर्गात आणण्याचे धाडस प्रत्येकाला होत नाही. त्याविषयी कोणास दोष देता येणार नाही. पूल, झरे, दरड, नोकरी यांवर सराव झालेला विद्यार्थी तोच प्रश्न निवडणुकीच्या संदेशाला घरी जाऊन विचारू शकतो. सर्वांत अवघड अडचण आपल्याच कक्षातील आहे. प्राध्यापकांच्या समूहावरही न तपासलेली परिपत्रके, विद्यापीठाच्या नावाने फिरणारी बनावट वेळापत्रके विद्यार्थ्यांइतक्याच तत्परतेने पुढे पाठविली जातात. त्यांतील एक प्रस्तुत लेखकानेही पाठविले होते. विद्यार्थ्यांनी ते वर्गात वाचून दाखविले तेव्हा उत्तर देणे कठीण गेले. ते परिपत्रक आता सरावासाठी वापरले जाते.

राहता राहिला मूल्यमापनाचा प्रश्न. परीक्षेत जे विचारले जात नाही ते शिकविले जात नाही, हा आपला अनुभव आहे. त्यासाठी प्रश्नपत्रिकेचा आराखडा बदलण्याची आवश्यकता नाही. आकलनाच्या उताऱ्याखाली पाच प्रश्न असतात. त्यांतील एक असा असावा : या उताऱ्यातील कोणत्या विधानाचा आधार उताऱ्यात दिलेला नाही, आणि तो तुम्ही कोठे शोधाल? गेल्या सत्रातील अंतर्गत चाचणीत हा प्रश्न घातला. एका विद्यार्थ्याने उत्तरात लिहिले की उताऱ्याखाली लेखकाचे नाव आणि वर्ष नाही, तेव्हा तो कोठून घेतला हे प्रथम सरांना विचारीन. उतारा प्रस्तुत लेखकाने एका जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेतून घेतला होता. पूर्ण गुण द्यावे लागले.